मातीच्या पोटातलं पाणी

छोट्या दोस्तांनो,

मागच्या अंकात आपण साबणाच्या फुग्यांशी खेळलो. या वेळी हात जरा मळवायचे आहेत, तेव्हा आईची परवानगी आधीच घेऊन ठेवा. आणि आई-बाबा, हे पान तुम्हीही वाचा बरं का! शेवटी थोडी जागा तुमच्यासाठीही राखून ठेवली आहे.

आधी एक कोडं. घाटातून एस.टी.नं जाताना डोंगराच्या बाजूला बांधलेली दगडी भिंत तुम्ही पाहिली असेल. डोंगराची माती रस्त्यावर येऊ नये म्हणून ती बांधतात. आता नीट आठवून पाहा. त्या भिंतीत ओळीनं भोकं असतात. कुठं कुठं त्यांतून पाइपाचं तोंड बाहेर डोकावत असतं. पावसाळ्यात त्यांतून पाण्याच्या धारा लागतात. एवढी दणकट भिंत बांधायची आणि तिला मुद्दाम भोकं ठेवायची, हे कशासाठी?

आमच्या चौथीच्या वर्गात मी हे विचारलं, तेव्हा उत्तरांचा नुसता पाऊस पडला. "सापांना राहायला!" "उंदरांना!" "बाई, दगड कमी पडले असतील!" एक मुलगी मात्र हळूच म्हणाली, "भिंतीला श्वास घ्यायला नाकं ठेवली असतील." हसू नका हं! ती उत्तराच्या बरीच जवळ पोचली होती. कशी, ते कळायला आधी मातीची नीट ओळख करून घ्यावी लागेल.

बाटलीत उतरलेली माती

प्लॅस्टिकची किंवा काचेची एक उभी, आरपार दिसणारी बाटली घ्या. अंगणातली, शेतातली किंवा कुंडीतली माती घेऊन तिच्यातला काडीकचरा, खडे काढून टाका. बाटलीचा तिसरा हिस्सा माती भरा. वर पाणी ओता, झाकण घट्ट लावा आणि चांगली पाच मिनिटं हलवा. मग बाटली एका जागी ठेवून द्या. आता तिला हात लावायचा नाही!

पहिल्या मिनिटातच तळाशी एक थर बसेल. ती वाळू. काही तासांनी तिच्यावर आणखी बारीक थर दिसेल. तो गाळ. आणि वरचं पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळच असेल, कारण त्यात चिकणमाती तरंगत असते. तिला खाली बसायची घाईच नसते.

इंजिनियर लोक मातीची नावं अशी दाण्यांच्या आकारावरूनच ठरवतात. आपल्या देशातल्या मोजमापाप्रमाणे ४.७५ मिलिमीटरपासून ०.०७५ मिलिमीटरपर्यंतचा दाणा म्हणजे वाळू. त्याहून बारीक तो गाळ. आणि ०.००२ मिलिमीटरपेक्षाही बारीक, ती चिकणमाती. आता ०.०७५ मिलिमीटर म्हणजे किती? तुमच्या डोक्यावरचा एक केस साधारण तेवढा जाड असतो. आणि चिकणमातीचा कण? त्या केसाचे पस्तीस-चाळीस पापुद्रे काढता आले असते, तर त्यातला एक पापुद्रा!

आता दुसरा प्रयोग. एक पेला कोरड्या वाळूनं काठोकाठ भरा. भरला ना? आता त्यात दुसऱ्या पेल्यातलं पाणी हळूहळू ओता. वाळूच्या वर पाणी दिसेपर्यंत किती मावलं ते मोजा. साधारण पेल्याचा तिसरा हिस्सा, किंवा थोडं अधिकच मावेल. 'भरलेल्या' पेल्यात एवढं पाणी गेलं कुठं? अर्थात दाण्यांच्या मधल्या फटींत! तिथं आधी हवा होती. पाणी आलं आणि हवा बाहेर पडली.

म्हणजे मूठभर माती हे तीन जणांचं कुटुंब असतं : दाणे, पाणी आणि हवा. यांतले दाणे असतात तसेच राहतात. पण पाणी कधी येतं, कधी जातं, कधी अडकून बसतं. आणि घरात नवा पाहुणा आला की जशी सगळ्यांची झोपायची जागा बदलते, तसा पाणी आलं की मातीचा स्वभावच बदलतो.

खात्री करून घ्यायची? कोरड्या वाळूचा ढीग करा. कितीही जपून ओता, एका ठरावीक उतारापेक्षा तो जास्त उभा राहतच नाही, बाजूनं घसरतो. आता त्याच वाळूत थोडं पाणी मिसळा. हा बघा किल्ला! भिंती सरळ उभ्या राहतात. मागच्या अंकात पाण्याच्या पृष्ठभागाला ताण असतो हे पाहिलं होतं, आठवतं? दोन दाण्यांमधल्या पाण्याचा तोच ताण दाण्यांना एकमेकांकडं ओढून धरतो. आता तांब्याभर पाणी ओता. काय झालं? किल्ला ढासळला. फटी पाण्यानं पूर्ण भरल्या, ताण संपला आणि वाळू वाहायला लागली.

वाळू तीच, हात तेच. थोडं पाणी मित्र ठरलं आणि जास्त पाणी शत्रू. असं का, ते आता पाहू.

वह्यांचा गठ्ठा आणि चोरटा मित्र

दहा-बारा वह्या एकावर एक ठेवा आणि अगदी तळाची वही ओढून बघा. अवघड जातं ना? वरच्या वह्यांच्या वजनानं ती दाबून धरली आहे. म्हणून घर्षण जास्त. आता तुमच्या मित्राला सांगा, वरच्या वह्या दोन्ही हातांनी किंचित उचलून धर. पूर्ण उचलायच्या नाहीत, थोडाच भार घ्यायचा. आता तळाची वही ओढा. आली की नाही अलगद?

गठ्ठ्याचं वजन एका मासाभरानंही कमी झालेलं नाही. पण त्यातला काही भार मित्राच्या हातांनी घेतला. तेवढा तळाच्या वहीवरचा दाब कमी झाला आणि तिची पकड सुटली.

मातीत हेच घडतं. वरच्या मातीचं, घराचं, झाडांचं वजन खालचे दाणे पेलतात. दाण्यावर दाणा दाबला जातो, म्हणून ते एकमेकांना धरून राहतात. पण फटींत पाणी भरलं आणि त्याला बाहेर पडायला वाट मिळाली नाही, तर त्या पाण्याचा दाब वाढतो. आपल्या चोरट्या मित्रासारखा तो खालून भार उचलायला लागतो. समजा, एका जागी एकूण भार १०० आहे आणि त्यातला ३० पाण्यानं उचलला. मग दाण्यांच्या वाट्याला राहिले ७०. पाण्यानं ६० उचलला, तर राहिले ४०. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच बदललेलं दिसत नाही. आतली पकड मात्र सैल होत जाते.

ही साधी वजाबाकी ज्यांनी मांडली त्यांचं नाव कार्ल टेर्झागी. त्यांचा जन्म १८८३ साली प्राग शहरात झाला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ते इस्तंबूलमध्ये शिकवत होते. प्रयोगशाळा म्हणावी असं फारसं काही जवळ नव्हतं. मग त्यांनी सिगारची रिकामी खोकी आणि टाकाऊ वस्तू गोळा करून आपली उपकरणं स्वतःच तयार केली आणि मातीवर भार ठेवून मोजमापं घेतली. १९२५ साली त्यांचं पुस्तक निघालं आणि 'मृदा यांत्रिकी' या शास्त्राला आकार आला. आज जगातल्या प्रत्येक इंजिनियरिंग कॉलेजात ती वजाबाकी शिकवतात. तुम्ही तर ती वह्यांवर शिकलात!

पाण्याला बाहेर पडायला वेळ लागतो

आता टेर्झागींचा दुसरा शोध. यासाठी औषधाच्या दुकानातून सुई नसलेली एक कोरी, मोठी सिरिंज मोठ्यांकडून आणवून घ्या. वापरलेली सिरिंज कुठं पडलेली दिसली, तर तिला चुकूनसुद्धा हात लावायचा नाही. सिरिंजमध्ये स्पंजचा एक तुकडा घाला. पाण्याखाली धरून ती पूर्ण भरा, हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. मग दट्ट्या बसवा. आता टोकावर बोट घट्ट दाबा आणि दट्ट्या ढकला. हलतच नाही! सगळा भार पाण्यानं घेतला आहे. स्पंज आत आरामात बसलाय. आता बोट किंचित सैल करा. पाण्याची बारीक धार बाहेर येईल आणि जसजसं पाणी जाईल, तसतसा स्पंज दबत जाईल. पाणी गेलं तेवढा भार स्पंजानं घेतला.

वाळूच्या फटी मोठ्या, त्यामुळं पाणी चटकन निघून जातं. चिकणमातीच्या फटी मात्र इतक्या अरुंद की तिच्यातून पाणी पिळून निघायला महिने लागतात, कधी कित्येक वर्षं! तोवर तिच्यावर बांधलेली इमारत हळूहळू खचत राहते.

याची जगप्रसिद्ध गोष्ट इटलीतल्या पिसा गावात उभी आहे. उभी म्हणजे, कललेली! तो मनोरा बांधायला ११७३ साली सुरुवात झाली. पाया जेमतेम तीन मीटर खोल आणि खाली नदीच्या मुखाजवळचा गाळ आणि मऊ चिकणमाती. तीन मजले झाल्यावर काम थांबलं आणि जवळजवळ शंभर वर्षं थांबूनच राहिलं. कारण लढाया. पण ही सुट्टीच मनोऱ्याच्या पथ्यावर पडली! त्या काळात मऊ मातीतलं पाणी हळूहळू पिळून निघालं आणि माती घट्ट झाली. काम न थांबता चालू राहिलं असतं, तर त्या मऊ मातीवर मनोरा तेव्हाच कोसळला असता, असं अभ्यासक म्हणतात. पुन्हा १२७२ साली काम सुरू झालं आणि १३७० च्या सुमारास ते पुरं झालं.

तरी मनोरा दक्षिणेकडं कलतच गेला. शेवटी १९९० साली तो लोकांसाठी बंद करावा लागला. आता त्याला सरळ कसं करायचं? दोर लावून ओढायचं? छे! तज्ज्ञांनी उलट बाजूची, म्हणजे उत्तरेकडची माती पायाखालून थोडी थोडी काढून घेतली. तिरपी भोकं पाडून, जणू चमच्याचमच्यानं. त्या बाजूला मनोरा आपल्या वजनानं जरासा खाली बसला आणि त्याचं वरचं टोक सुमारे ४५ सेंटिमीटर मागं आलं. डिसेंबर २००१ मध्ये तो पुन्हा उघडला. मुद्दाम थोडा कललेलाच ठेवलाय. नाहीतर बघायला कोण जाणार?

आपली काळी आई

आता इटलीहून थेट आपल्या शेतात येऊ. विदर्भ, मराठवाडा, सोलापूर, खानदेश इथल्या मुलांना काळी माती काही नवी नाही. पावसाळ्यात पायाला अशी चिकटते की चपलेचं वजन दुप्पट होतं. उन्हाळ्यात तिच्या भेगांत हात जाईल एवढ्या त्या रुंद होतात. (हात घालू नका! आत विंचू असू शकतो.)

काळ्या मातीतली चिकणमाती फार पातळ पातळ पत्र्यांची बनलेली असते. पाणी मिळालं की ते पत्र्यांच्या मध्ये शिरतं आणि माती फुगते. ऊन लागलं की पाणी जातं आणि ती आकसते. कपाशीला, ज्वारीला हे मानवतं, कारण ही माती ओल धरून ठेवते. पण तिच्यावर कमी खोलीच्या पायाचं घर बांधलं तर? घराच्या मधल्या भागाखालची माती सावलीत ओलसर राहते. कडेची माती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते. म्हणजे घराचा एक भाग स्थिर आणि दुसरा वर-खाली. मग भिंतींना तिरप्या भेगा पडतात, बहुतेक वेळा खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यापासून.

म्हणून आपले जुने गवंडी काळी माती पार करून मुरूम लागेपर्यंत पाया खणायचे. "मुरूम लागला का?" हा प्रश्न तुम्ही आजोबांच्या तोंडून ऐकला असेल. काळ्या मातीचा थर फार खोल असेल, तर रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं एक युक्ती काढली आहे. जमिनीत खोलवर काँक्रीटचे खांब ओतायचे आणि तळाजवळ त्यांना कांद्यासारखा फुगवटा ठेवायचा. वरची माती फुगली तरी हा कांदा खांबाला खालीच धरून ठेवतो.

डोंगर का सुटतो?

आता जरा गंभीर होऊ या.

३० जुलै २०१४ ची सकाळ. पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव. मुसळधार पावसात डोंगराचा उतार सुटला आणि बहुतेक सगळं गाव मातीखाली गेलं. १५० हून अधिक माणसं गेली. नेहमीची एस.टी. घेऊन आलेल्या चालकाला गाव जागेवर दिसलंच नाही, तेव्हा बाहेरच्या जगाला हे कळलं. पुढं २२ जुलै २०२१ ला रायगड जिल्ह्यातल्या तळिये गावावर दरड आली. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्याच जिल्ह्यातल्या इरशाळवाडीवर. या गावांत तुमच्याच वयाची मुलंही होती.

तिन्ही वेळा महिना कोणता, पाहिलंत? जुलै. जूनपासून पडणारा पाऊस तोवर जमिनीत खोल मुरलेला असतो. सह्याद्रीच्या उतारांवर खाली काळा कातळ असतो आणि त्याच्या वर झिजलेल्या दगडाचा मुरूम आणि मातीचा थर. पावसाचं पाणी वरच्या थरात झिरपतं, पण खालच्या कातळात त्याला सहज शिरता येत नाही. ते तिथंच साठतं. फटी भरतात, दाब वाढतो. आठवला ना आपला चोरटा मित्र? तो वरच्या थराचा भार उचलून धरतो. शिवाय भिजून माती जडही झालेली असते. खाली ओढणारं वजन वाढलं आणि धरून ठेवणारी पकड सुटली. मग एखादी मोठी सर पुरेशी होते. झाडांची मुळं माती धरायला मदत करतात. ती तोडली, किंवा उताराचा पायथा रस्त्यासाठी, घरासाठी खणून काढला, की धोका आणखी वाढतो.

सुटलं कोडं?

आता सांगा, घाटातल्या भिंतीला भोकं का ठेवतात? बरोब्बर! भिंतीमागच्या मातीत पाणी कोंडू नये म्हणून. कोंडलेलं पाणी मातीची पकडही सोडवतं आणि भिंतीलाही ढकलतं. भोकांतून ते वाहून गेलं, की दाब उतरतो. म्हणजे आमच्या वर्गातल्या त्या मुलीचं 'नाक' अगदी योग्यच होतं. माणसाचं नाक चोंदलं की काय हाल होतात! भिंतीचंही तसंच. म्हणून पावसात त्या भोकांतून पाणी येताना दिसलं, तर भिंत गळतेय असं समजू नका. ती आपलं काम करतेय. भर पावसात ती कोरडी ठाक असली, गवतानं किंवा प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी बुजली असली, तर मात्र मोठ्यांना सांगा.

डोळे उघडे ठेवा

डोंगराच्या कुशीत राहणाऱ्या माझ्या दोस्तांनो, हे चार वेळा वाचा. घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

१. उतारावरच्या जमिनीला नवी भेग पडली, किंवा जुनी भेग रुंद झाली.
२. झाडं, विजेचे खांब, कुंपण एका बाजूला कलायला लागलं.
३. घराची दारं-खिडक्या एकाएकी घट्ट बसायला लागल्या, जमिनीला किंवा भिंतीला नव्या भेगा पडल्या.
४. कधी नव्हतं तिथं पाणी पाझरायला लागलं, किंवा स्वच्छ झरा एकदम गढूळ झाला.
५. पाऊस चालू असताना ओढ्याचं पाणी अचानक कमी झालं. वर कुठं तरी माती पडून ते अडलं असू शकतं.
६. डोंगरातून घरंगळल्यासारखा, झाडं मोडल्यासारखा आवाज आला.

यातलं काहीही दिसलं, तर "मी लहान आहे, माझं कोण ऐकणार?" असा विचार करू नका. लगेच घरी सांगा, सरपंचांना सांगा, शाळेत सांगा. मोठ्यांनी ११२ या क्रमांकावर किंवा जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला १०७७ वर फोन करावा आणि उताराच्या वाटेतून बाजूला, सुरक्षित जागी जावं. दप्तर, भांडी, टीव्ही यांच्यासाठी थांबायचं नाही. ओढ्याच्या पात्रातून पळायचं नाही, कारण माती आणि दगड तिथूनच खाली येतात.

आणि हे सपाटीवर राहणाऱ्यांसाठी. बांधकामापाशी वाळूचा, मातीचा मोठा ढीग असतो. त्यात बोगदा किंवा गुहा खणायचा मोह सगळ्यांनाच होतो. कधीही करू नका! पाण्याच्या पाइपासाठी खणलेल्या खोल चरात उतरू नका. आताच पाहिलं ना, ओल्या वाळूच्या भिंती ताणावर उभ्या असतात. ऊन लागून त्या वाळल्या, किंवा पाणी जास्त झालं, की काही न सांगता बसतात. एक घनमीटर ओली माती, म्हणजे एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच एवढीच, सुमारे १८०० किलो भरते. छातीवर तिचा थोडासा भाग आला तरी श्वास घेता येत नाही.

आई-बाबांसाठी

पालकहो, घर म्हणजे बहुतेकांची आयुष्यभराची पुंजी. फरशी कोणती, रंग कोणता यावर आपण महिनाभर चर्चा करतो. घर ज्यावर उभं राहणार त्या मातीबद्दल एक प्रश्नही विचारत नाही. प्लॉट घेताना, इमारतीत घर घेताना "माती परीक्षणाचा अहवाल आहे का?" असं जरूर विचारा. हे परीक्षण शेतीच्या माती परीक्षणाहून वेगळं असतं बरं का. शेतीच्या परीक्षणात नत्र, स्फुरद, पालाश किती ते बघतात. इथं माती किती भार पेलेल आणि पाणी किती खोलीवर आहे ते बघतात. त्यातली एक पद्धत मुलांनाही आवडेल. जमिनीत भोक पाडून त्यात एक नळी उतरवतात आणि तिच्यावर ६३.५ किलोचा घण ७५ सेंटिमीटर उंचीवरून पुन्हा पुन्हा टाकतात. नळी जरा रुतल्यावर पुढचे ३० सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागले ते मोजतात. दोन-चार ठोक्यांत गेली तर जमीन मऊ. तीस-चाळीस लागले तर बऱ्यापैकी घट्ट.

बांधून झालेल्या घरासाठीही काही गोष्टी आपल्या हातात आहेत. छपराचं आणि न्हाणीघराचं पाणी पायाशी मुरू देऊ नका, लांब न्या. गळका नळ, फुटका पाइप ताबडतोब दुरुस्त करा. पिण्याचं पाणी वाया जातंच, शिवाय ते पायाखालच्या मातीच्या पोटात शिरतं. भिंतीला भेग असेल, तर तिच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीनं एकेक खूण करा, मधलं अंतर मोजा आणि तारीख घालून लिहून ठेवा. हे काम घरातल्या लहान इंजिनियरकडं द्या. दर महिन्याला मोजू द्या. अंतर वाढतच गेलं, तर नुसतं सिमेंट भरून रंग मारू नका, जाणकार इंजिनियरला बोलवा.

गृहपाठ

१. तुमच्या गावातल्या तीन ठिकाणच्या मातीचे बाटली-प्रयोग करा. दुसऱ्या दिवशी थरांची उंची पट्टीनं मोजून चित्र काढा. कुठल्या मातीत वाळू जास्त, कुठल्या मातीत चिकणमाती?

२. आजीला विचारा : अंगण चोपण्याआधी पाणी का शिंपडत? आणि नुसतं शिंपडतच का, बादलीभर का ओतत नसत? आजीनं सांगितलेलं कारण तिच्याच शब्दांत लिहा. मग आज शिकलेलं आठवून तुमचं कारण त्याच्याखाली लिहा.

३. शाळेच्या किंवा घराच्या वाटेवर मातीला अडवणारी एखादी भिंत शोधा. तिला नाकं किती? त्यातली चोंदलेली किती? मोजताना भिंतीच्या अगदी खाली उभं राहू नका, रस्त्यावर वाहनं बघा आणि बरोबर एखादं मोठं माणूस असू द्या.

उत्तरं पोस्टकार्डावर पाठवा. सर्वांत निरीक्षण करून लिहिलेलं पत्र पुढं याच पानावर छापू. पुढच्या वेळी आपण भेटणार आहोत गांडूळदादांना. हेही माती खणतात, पण कुदळ-फावड्याशिवाय!

चला, आता उठा आणि हात धुऊन या. नखांतली चिकणमाती काढायला विसरू नका. ती किती बारीक असते, ते आता तुम्हाला माहीत आहेच!

तुमच्या
बाई